सूर्यास्तापूर्वीची पंगत

व्यापारी कुटुंबात सहलीचा बेत निघाला की पहिला प्रश्न दुकान कोण सांभाळणार हा असतो आणि दुसरा, वडीलधाऱ्यांच्या जेवणाचे काय, हा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुनीमजींच्या किंवा भाच्याच्या रूपाने सापडते. दुसऱ्याचे उत्तर बहुधा वडीलधारी माणसेच देऊन टाकतात. ‘तुम्ही जाऊन या, मी घरी बरी आहे,’ हे वाक्य कितीतरी घरांतून दर सुट्टीत ऐकू येते. त्यात तक्रारीचा सूर नसतो, म्हणून ते सहज स्वीकारले जाते. चौविहाराचे पच्चक्खाण, कंदमुळाचा त्याग, उकळलेले पाणी या साऱ्यांचा प्रवासात इतरांना उपद्रव नको, एवढाच त्यामागचा विचार असतो. परिणाम मात्र असा होतो की ज्यांनी घर एकत्र ठेवले, तीच माणसे घराच्या आनंदातून बाहेर राहतात.

शिरूर आणि दौंड येथे विभागलेल्या एका कुटुंबाने गेल्या काही वर्षांत अशा अनेक सहली केल्या आणि प्रत्येक वेळी दादी घरीच राहिल्या. थोरल्या भावाचे शिरूरला कापडाचे दुकान, धाकट्याचे दौंडला. एके काळी पेढी एकच होती. पुढे वाटणी झाली. ती समजुतीने झाली, कोर्टकचेरी झाली नाही. पण वाटणीनंतर दोन्ही भाऊ एका पंगतीला बसले ते केवळ लग्नकार्यात, आणि तेही यजमानपणाच्या धावपळीत. दादी सहा महिने शिरूरला, सहा महिने दौंडला राहतात. वयाची पंचाहत्तरी उलटली आहे आणि सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेण्याचा नियम चाळीस वर्षांहून अधिक काळ अखंड पाळला आहे.

या घरात ‘डिनर ट्रेन’चा विषय काढला तो शिरूरच्या नातीने. ती पुण्यात सीएचा अभ्यास करते. ‘या वेळी आगगाडीत जेवायचे आणि दादींना घेऊन जायचे,’ असे तिने जाहीर केले. दादींनी नेहमीचे उत्तर दिले. त्यावर ती म्हणाली, ‘दादी, या वेळी आधी तुमच्या जेवणाची वेळ ठरवू, मग गाडी शोधू.’ पुढचा सारा बेत या एका वाक्यातून उभा राहिला.

धावत्या गाडीत टेबलाशी बसून जेवण्याची हौस तशी जुनी आहे. अमेरिकेत जॉर्ज पुलमन यांनी १८६८ मध्ये ‘डेल्मॉनिको’ नावाचा भोजनाचा डबा रुळांवर आणला. आज त्या देशात केवळ जेवणासाठी निघून पुन्हा मूळ स्थानकावर परतणाऱ्या गाड्या आहेत. कॅलिफोर्नियातील नापा खोऱ्यातील अशी गाडी १९८९ पासून चालू आहे. महाराष्ट्रात २००४ मध्ये सुरू झालेली ‘डेक्कन ओडिसी’ ही राजेशाही थाटाची गाडी आहे; परंतु तिची सहल काही दिवसांची आणि खर्च लाखांच्या घरातला. एका संध्याकाळच्या जेवणासाठी मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडेल अशी जवळची गाडी म्हणजे मुंबई-पुण्याची ‘डेक्कन क्वीन’.

दख्खनच्या या राणीचा जन्म १ जून १९३० चा. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने ती सुरू केली, त्याच्या आदल्याच वर्षी घाटासह पुण्यापर्यंतच्या मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाले होते. आरंभी सात-सात डब्यांच्या दोन गाड्या होत्या. एकीचा रंग रुपेरी आणि त्यावर किरमिजी पट्ट्या, दुसरीचा गडद निळा आणि त्यावर सोनेरी रेघा. डब्यांचे सांगाडे इंग्लंडहून आले आणि वरचे बांधकाम माटुंग्याच्या कारखान्यात झाले. १९६६ मध्ये डबे बदलले, जून २०२२ मध्ये पुन्हा बदलून नवे एलएचबी डबे आले. पण भोजनाचा डबा कायम राहिला. आता त्यात चाळीस जणांची बैठक आहे. दर १ जूनला नित्याचे प्रवासी पुणे स्थानकावर तिचा वाढदिवस साजरा करतात. दौंड हे रेल्वेचे गाव, तेथील मुलांना इंजिनाचे कौतुक थोडे कमी. शिरूरला मात्र रेल्वेच नाही, त्यामुळे तिकडच्या नातवंडांना गाडी हीच मोठी सहल वाटली.

गाडी ठरली, पण नातीने शब्द दिला होता तो वेळेचा. डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी ७.१५ ला निघते आणि मुंबईहून संध्याकाळी ५.१० ला सुटून ८.२५ ला पुण्यास पोहोचते. जेवण करायचे तर ते परतीच्या प्रवासात, आणि सूर्यास्तापूर्वी. डिसेंबरच्या आरंभी मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे गाडी सुटल्यावर हाती उरतात जेमतेम पन्नास मिनिटे. त्यात सामान लावणे, जागा शोधणे, मुलांना बसवणे आणि वृद्ध माणसाने सावकाश जेवून पाणी पिणे बसत नाही. मे महिन्याच्या मध्यावर सूर्यास्त सात वाजून पाच मिनिटांच्या आसपास असतो. त्या दिवसांत जवळपास दोन तास मिळतात. घाटाची खरी शोभा श्रावणसरींत, हे खरे. परंतु तो काळ चातुर्मासाचा. दादी त्या महिन्यांत गाव सोडत नाहीत. दिवाळीच्या आधी दुकान सोडणे कापडवाल्याला अशक्य आणि लग्नसराईचा जोरही सांभाळायचा. तेव्हा मेच्या उत्तरार्धातला, मोठी लग्नतिथी नसलेला आणि दोन्ही गावांचा आठवडे बाजार टाळणारा असा दिवस निवडला गेला.

त्या तारखेभोवती नातीने वेळापत्रक उलट्या बाजूने मांडले. सात वाजून पाच मिनिटांनी सूर्यास्त. त्याआधी अर्धा तास राखीव. म्हणजे साडेसहाला दादींचे पाणी पिऊन झालेले असावे. साडेपाचला डबे उघडावेत. पाचला सर्वजण जागेवर, साडेचारला फलाटावर, पावणेचारला हॉटेलच्या दारात टॅक्सी. हिशेबाच्या वहीत जशी आधी देणी लिहून मग खर्चाला हात घालावा, तसे हे अंदाजपत्रक होते. दादींचा नियम हे पहिले देणे. ते एकदा मांडले की बाकीच्या साऱ्या रकमा आपोआप जागेवर बसत गेल्या.

तिकिटांचे कामही पद्धतशीर झाले. आरक्षण आता प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडते आणि एका तिकिटावर सहा प्रवाशांहून अधिक बसत नाहीत. मंडळी होती अकरा. म्हणून सहा आणि पाच अशी दोन तिकिटे एकाच सकाळी, शिरूर आणि दौंड अशा दोन ठिकाणांहून एकाच वेळी काढली गेली. जागा एका डब्यात मिळाल्या, पण सलग मिळाल्या नाहीत. भोजनाच्या डब्यातील खुर्च्या मात्र अशा नावावर राखून ठेवता येत नाहीत. तिथे जाऊन जागा रिकामी होण्याची वाट पाहावी लागते. घड्याळाशी बांधलेल्या माणसाला हे चालणारे नव्हते. शिवाय तेथील मुदपाकखान्यात शाकाहारी आणि मांसाहारी दोन्ही पदार्थ होतात. तो सर्व प्रवाशांसाठीचा डबा आहे, त्याला दोष देण्याचे कारण नाही. पण दादींचे ताट तिथले नसणार, हे पहिल्याच बैठकीत ठरले. मग जेवणाच्या गाडीला जायचे कशाला, असा प्रश्न धाकट्या काकांनी विचारला. उत्तर दादींनीच दिले. ‘गाडी त्यांची, डबा आपला. जेवण तर गाडीतच होणार ना?’

मुक्कामाची जागा निवडतानाही हाच विचार कामाला आला. मुलांना समुद्रासमोरचे हॉटेल हवे होते. भावांनी काळबादेवी निवडली. दोघांनाही मुळजी जेठा मार्केटमध्ये माल पाहायचा होता, हे एक कारण. पण मोठे कारण डब्याचे होते. दौंडहून निघताना केलेल्या पुऱ्या आणि भाजी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत नेली तर ती वासी होते, आणि दादी वासी अन्न घेत नाहीत. खाखरे आणि कोरडा फराळ चालतो. ओलसर पदार्थ त्याच दिवशीचे हवेत. काळबादेवी-भुलेश्वरच्या गल्ल्यांतून असे ताजे अन्न करून देणारी घरगुती ठिकाणे आहेत. त्यांपैकी एका बाईंना आदल्या संध्याकाळी सांगून ठेवले आणि दुपारी तीनला डबे हाती आले. तिखट पुऱ्या, मुगाच्या मंगोडीची भाजी, गट्टे आणि कैरीची लौंजी. बरोबर दौंडच्या धाकट्या सुनेने केलेले मेथीचे खाखरे.

हॉटेलच्या बाबतीत एक अनुभव सर्वांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. खोल्या ठरवताना ‘जैन जेवण मिळेल’ असे सांगण्यात आले होते. पहिल्या रात्री मुलांसाठी मागवलेल्या थाळीत कांदा-लसूण नव्हता, पण बटाट्याची भाजी होती. वाढणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. शहरात ‘जैन’ या शब्दाचा अर्थ पुष्कळ ठिकाणी कांदा-लसणापुरताच उरला आहे. म्हणून शब्दावर न थांबता पदार्थांची नावे घेऊन विचारावे, हे उत्तम. बटाटा, गाजर, मुळा, बीट, आले यांपैकी काय आहे, असे थेट विचारले की उत्तरही थेट मिळते. पाण्याचेही तसेच. खोलीत विजेची किटली आहे का, हे आधी विचारून ठेवल्याने दादींचे पाणी सकाळी उकळून, निववून, स्टीलच्या दोन बाटल्यांत भरता आले.

हॉटेलात खोली सोडण्याची वेळ दुपारी बाराची आणि गाडी संध्याकाळी पाचनंतरची. मधल्या पाच तासांत अकरा माणसे आणि सामान यांचे काय करायचे, हा प्रश्न बेतात बहुधा विसरला जातो. या मंडळींनी चारपैकी तीन खोल्या सोडल्या आणि एक खोली अर्ध्या दिवसाचे जादा भाडे भरून ठेवली. दादींना तेथे दुपारची सामायिक आणि विश्रांती झाली, सामान राहिले, आणि भाऊ निर्धास्तपणे बाजारात गेले. हा खर्च थोरल्या काकांना आधी अनावश्यक वाटला होता. संध्याकाळी दादी ताज्यातवान्या दिसल्या, तेव्हा त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

काळबादेवीहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर दीड-दोन किलोमीटरचे. नकाशावर ते दहा मिनिटांचे दिसते. पण दुपारी चारला त्या रस्त्यावर हातगाड्या, कापडाचे गठ्ठे, टेम्पो आणि एकदिशा मार्ग यांचे राज्य असते. धोबी तलावाशी मेट्रो सिनेमाचा चौक, पुढे आझाद मैदानाच्या कडेने महापालिका मार्ग आणि समोर १८८८ मध्ये पूर्ण झालेली स्टेशनची भव्य इमारत, एवढ्या वाटेला त्या दिवशी पस्तीस मिनिटे लागली. तीन टॅक्स्या केल्या होत्या. पहिल्या टॅक्सीत दादी, थोरले काका, नात आणि जेवणाचे डबे, अशी विभागणी मुद्दाम केली होती. मागच्या टॅक्सीला उशीर झाला तरी बॅगा मागे राहतील, पंगत राहणार नाही, हा त्यातला हिशेब. स्टेशनात पोहोचताच फलाट क्रमांक फलकावर पाहून, दादींसाठी चाकाची खुर्ची घेऊन मंडळी डब्यापर्यंत गेली. तिसरी टॅक्सी आली तेव्हा पाचला दहा मिनिटे होती.

गाडी वेळेवर सुटली. जागा विखुरलेल्या होत्या. पण सहप्रवाशांना विनंती केल्यावर दोघा नोकरदारांनी आनंदाने खुर्च्या बदलून दिल्या. दादींच्या एका बाजूला थोरला मुलगा, मधली वाट सोडून पलीकडे धाकटा. दादर मागे पडल्यावर डबे उघडले. प्रथम दादींचे ताट भरले आणि मग इतरांना वाढले गेले. वाढण्याचे काम दोन्ही जावा करीत होत्या. कल्याण येईपर्यंत मुलांच्या दुसऱ्यांदा पुऱ्या घेऊन झाल्या होत्या. दादी सावकाश जेवत होत्या. मध्येच त्यांनी आपल्या ताटातली लौंजी थोरल्याला आणि मग धाकट्याला वाढली. घरात पूर्वी पंगत बसे तेव्हा त्या असेच करीत, असे थोरल्या सुनेने हळूच मुलीला सांगितले. दोन्ही भाऊ काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने मुळजी जेठात पाहिलेल्या मालाचा विषय निघाला. एका विशिष्ट पोताचे कापड दोघांनीही स्वतंत्रपणे पाहून ठेवले होते. एकत्र उचलले तर भाव बरा पडेल, असे धाकटा म्हणाला. थोरल्याने खिशातून वही काढली.

ही गाडी संध्याकाळी सूर्याकडे पाठ करून धावते, त्यामुळे खिडकीतून दिवसाचा अंदाज येत नाही. नेरळ ओलांडल्यावर पश्चिमेला माथेरानचा डोंगर आडवा येतो आणि सूर्य पंचांगातल्या वेळेच्या बराच आधी त्याच्या मागे जातो. डब्यात एकाएकी सावली पडली तसा दादींचा पेल्याकडे गेलेला हात थांबला. नातीने घड्याळ पुढे केले. साडेसहा व्हायला अजून काही मिनिटे होती आणि सूर्यास्ताला अर्ध्या तासाहून अधिक. तरीही दादींनी एवढेच म्हटले, ‘आता पुरे. पोट भरले.’ त्यांनी उरलेले पाणी पिऊन घेतले, हात जोडून पच्चक्खाण घेतले आणि शाल पांघरली. राखून ठेवलेला अर्धा तास कुणाच्या उपयोगी पडला नाही, असे वाटेल; पण तो हाताशी होता म्हणूनच त्या जेवणात घाई नव्हती.

कर्जतला गाडीला मागून जादा इंजिने लागली. भोर घाटाचा चढ सदतीस फुटांना एक फूट असा आहे; १८६३ मध्ये हा मार्ग खुला झाला तेव्हापासून गाड्यांना येथे मदत लागत आली आहे. या वेळी मुले दोन तुकड्यांनी भोजनाचा डबा पाहून आली. टेबले, खुर्च्या, वाढणाऱ्यांची लगबग, चीज टोस्ट आणि चहा यांचे वर्णन त्यांनी परत येऊन दादींना केले. दादींनी सारे ऐकून घेतले आणि चहाचा पेला चालत्या गाडीत सांडत कसा नाही, एवढेच विचारले. बोगद्यांमागून बोगदे येत होते आणि खंडाळ्याच्या दरीत अंधार उतरत होता.

पुणे स्थानकावर कुटुंबाची पुन्हा वाटणी झाली. दौंडची मंडळी सोलापूरच्या दिशेच्या गाडीकडे वळली. शिरूरहून बोलावलेली जीप बाहेर उभी होती. वाघोली, कोरेगाव भीमा, शिक्रापूर करीत तिला रात्रीचा रस्ता कापायचा होता. दादींचा दौंडचा मुक्काम संपून शिरूरचा सुरू होत होता, म्हणून त्यांची पेटी धाकट्याच्या हातातून थोरल्याच्या हातात गेली. दर सहा महिन्यांनी ती अशीच जाते. एरवी ती एखाद्या नोकराबरोबर किंवा भाच्याच्या गाडीतून जात असे. दोन्ही मुलांनी मिळून आईला पोहोचवण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. कापडाच्या त्या एकत्रित खरेदीचे पुढे काय होईल, हे त्यांचे दोघांचे दोघेच ठरवतील.

सहलीचा बेत आखताना घरातल्या सर्वांत मोकळ्या माणसाच्या सोयीने सुरुवात करण्याची सवय लागली आहे. ज्याला काहीही चालते, केव्हाही चालते, त्याच्या मापाने बेत शिवला जातो आणि ज्याला नियम आहेत त्याने त्यात मावावे अशी अपेक्षा राहते. ते मावत नाही, मग त्याने मागे राहावे हे ओघाने येते. या कुटुंबाने माप उलटे घेतले. सर्वांत कठोर नियम ज्याचा, त्याच्या ताटापासून आखणी केली. त्यामुळे इतर दहा जणांचे काहीही कमी झाले नाही. त्यांना घाट दिसला, गाडी दिसली, टोस्टही मिळाला. संध्याकाळचे जेवण दोन तास लवकर झाले, एवढेच.

सुट्ट्या येतील आणि घराघरांतून बेत निघतील. ते गाडीचे असोत, यात्रेचे असोत की जवळच्या एखाद्या धरणाकाठचे. बेताच्या कागदावर पहिल्या ओळीत त्या दिवसाचा सूर्यास्त लिहावा आणि दुसऱ्या ओळीत घरातल्या सर्वांत वडील माणसाचे नाव. दुकान कोण सांभाळणार, हे तिसऱ्या ओळीत लिहिले तरी चालते.